'गबाळा' : एका विशेषणाची सामाजिक बाजू

मराठीत अकुशल माणसाला नावे ठेवण्यासाठी शब्दांची चणचण कधीच भासलेली नाही. वेंधळा, धांदरट, गबाळा, अजागळ, बावळट, गावंढळ, बेंगरूळ, ठोंब्या, गलथान, भोंगळ, ढिसाळ ही यादी कोणत्याही मराठी घरातील थोरांना विचारून आणखी लांबवता येईल. कोशात यांपैकी बरेच शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वावरतात. गबाळा म्हणजे काय ते पाहू जावे, तर बहुधा अजागळाकडे बोट दाखवलेले असते आणि अजागळाचा अर्थ गबाळ्याकडून उसना घेतलेला असतो. कोशरचनेची ही अपरिहार्य मर्यादा आहे. शब्दाचा अर्थ कोश सांगतो. तो शब्द कोणी, कोणाला, कोणत्या आवाजात म्हणावयाचा हे कोशात मावत नाही. निंदाव्यंजक विशेषणांच्या बाबतीत तर अर्थाचा मोठा हिस्सा या न मावणाऱ्या भागातच असतो. 'गबाळा' हे विशेषण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे, कारण मराठीच्या अध्यापकांच्या लाल शाईतून ते आजही वारंवार उतरते.

प्रथम छटांविषयी. वेंधळा तो, ज्याचे अवधान सुटते. वस्तू हातात असते आणि मन दुसरीकडे. धांदरटाचे अवधान सुटत नाही, ते पुढे धावते. तो घाईने बिघडवतो. बावळटाला प्रसंगाची जाणच कमी पडते. बेंगरूळ हा मुख्यतः रूपाचा आणि ठेवणीचा दोष आहे. भोंगळ विचाराला कडा नसतात, तर ढिसाळ रचनेचे सांधे सैल असतात. समीक्षेत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, ते योग्य नव्हे. (वऱ्हाडातील विद्यार्थ्यांसमोर तर 'भोंगळ' हा शब्द जपूनच वापरावा. तिकडे 'भोंगळा' म्हणजे उघडानागडा. 'भोंगळ मांडणी' म्हटल्यावर वर्गात जे हसू उमटते ते मांडणीविषयीचे नसते.) अजागळाचे मूळ 'अजागलस्तन' या संस्कृत शब्दात सांगितले जाते. शेळीच्या गळ्याखाली लोंबणारे ते मांसल टोक. दिसते स्तनासारखे, परंतु दुधाच्या नावाने शून्य. निरुपयोगितेचा हा दृष्टान्त मराठीत येऊन कपड्यालत्त्याच्या अव्यवस्थितपणावर स्थिरावला, ही अर्थपरिवर्तनाची एक मनोरंजक गोष्ट आहे.

गबाळा या सर्वांहून निराळा आहे. त्याचे अवधान सुटलेले असतेच असे नाही, त्याला घाई असतेच असे नाही, आणि त्याच्या बुद्धीविषयी तर हा शब्द काहीच सांगत नाही. बिघडलेली असते ती फक्त बांधणी. सदऱ्याचा एक खांदा उतरलेला, कागद पिशवीतून डोकावणारे, बोलणे एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर घसरणारे. आत जे असावयास हवे ते बहुधा सर्व असते. ते बाहेरून आवळलेले नसते. म्हणूनच विद्वान माणूस गबाळा असू शकतो आणि मूर्ख माणूस अत्यंत टापटिपीचा.

हे वेगळेपण शब्दाच्या पोटातूनच आलेले आहे. 'गबाळ' किंवा 'गबाळे' या नामाचा अर्थ सामानसुमानाचे गाठोडे, ओझे. 'चंबूगबाळे आवरणे' या वाक्प्रचारात तो अजून जिवंत आहे. चंबू हे पाण्याचे भांडे आणि गबाळे म्हणजे उरलेला सगळा संसार. दोन्ही उचलले की वस्ती हलली. ज्याच्या घरात फडताळ आहे, कोठी आहे, खुंट्या आहेत, त्याच्या वस्तूंना आपापली जागा असते आणि वस्तू जागेवर असणे हाच त्याच्या मते व्यवस्थेचा अर्थ असतो. ज्याचे घर पाठीवर किंवा जनावरावर आहे, त्याच्या तव्याशेजारी वाकळ येते आणि वाकळीत मीठमिरची. स्थिर घरातल्या माणसाने हे गाठोडे बाहेरून पाहिले आणि त्याला त्यात अव्यवस्था दिसली. त्या पाहण्यातून नामाचे विशेषण झाले. गबाळ वाहणारा तो गबाळा असे न राहता, गबाळासारखा दिसणारा तो गबाळा, असा हा प्रवास आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मुक्काम हलवण्यासाठी मराठीत 'गाशा गुंडाळणे' असेही म्हणतात आणि 'बाडबिस्तरा उचलणे' असेही. गाशा हे खोगिरावरचे कापड. म्हणजे तो वाक्प्रचार स्वाराचा. बाडबिस्तरा प्रवाशाचा, तो प्रवासी कधी फौजेतला, कधी सरकारी कामावर निघालेला. सामान तिघांचेही विस्कळीत असणारच. परंतु गाशावरून वा बिस्तऱ्यावरून माणसाला हिणवणारे विशेषण मराठीने घडवले नाही. ते घडले फक्त गबाळावरून. स्वाराचे सामान पसरले तर तो मुक्काम ठरतो आणि फाटक्या माणसाचे पसरले तर तो त्याचा स्वभाव ठरतो.

'येरागबाळा' हा जोडशब्द या प्रवासातील पुढचा टप्पा म्हणावा लागेल. तुकारामांच्या नावावर रूढ असलेल्या एका वचनातून तो लोकांच्या तोंडी बसला आणि आता त्याचे नाते अभंगाशी उरलेले नाही. क्रिकेटच्या सामन्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत कोणतेही अवघड काम 'येरागबाळ्याचे' नसते. 'येर' म्हणजे इतर, दुसरा. ज्ञानेश्वरी-लीळाचरित्राच्या काळातील मराठीत हे सर्वनाम नित्याचे होते. पुढे ते बोलीतून ओसरले आणि लोकांना 'येरा' हा गबाळ्याचाच काही भाग वाटू लागला. परिणाम असा की, मूळ वचनात 'इतर, अननुभवी' एवढाच बोध असलेला भाग नाहीसा झाला आणि राहिली ती गबाळ्याची हेटाळणी. त्याच वचनातील 'जातीचे' या शब्दाचेही असेच झाले आहे. तेथे त्याचा अर्थ अस्सल, हाडाचा, त्या कामात मुरलेला असा आहे. भक्तीच्या प्रांतात जन्मजात अधिकार नाकारणाऱ्या संतपरंपरेत तो दुसरा असूच शकत नाही. आजच्या सभांतून हे वचन ज्या सुरात उच्चारले जाते, त्यात मात्र 'जातीचे' या शब्दावर किंचित अधिक जोर पडतो आणि श्रोत्यांपैकी काहींना तो बरोबर ऐकू येतो.

गबाळाची आतली बाजू मराठी साहित्यात फार उशिरा आली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले. कैकाडी समाजातील कुटुंब, पाठीवर बिऱ्हाड घेतलेली गाढवे, गावाबाहेरचा तात्पुरता मुक्काम आणि टोपल्या-कणग्या विणण्याचा व्यवसाय हे त्यातील जग आहे. स्थिर वस्तीला जे गबाळ दिसत होते ते आतून कसे दिसते, हे या आत्मकथनाने सांगितले. तेथे एक साधी गोष्ट ध्यानात येते. सगळा संसार जनावराच्या पाठीवर असा बांधावयाचा की दोन्ही बाजूंना भार समान राहील, चालताना काही निसटणार नाही आणि मुक्कामी पोहोचताच जे प्रथम लागते ते प्रथम हाती येईल. हे काम येरागबाळ्याचे नव्हे. ओल्या फोकांपासून धान्य न सांडणारी कणगी विणणारे हात अकुशल असू शकत नाहीत. तरीही प्रमाण मराठीत या माणसांच्या ओझ्याचे नाव अकौशल्याचा वाचक शब्द होऊन बसले आहे. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांच्या गाठोड्याकडे संशयाने पाहण्याला कायद्याचा आधार दिला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. भाषेतील विशेषणे रद्द करणारी यंत्रणा नसते.

अर्थात 'गबाळा' उच्चारणारा प्रत्येक जण मनात भटक्यांचा तिरस्कार बाळगतो, असे म्हणणे हास्यास्पद होईल. आई मुलाला गबाळा म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर त्याची चिखलाने भरलेली चड्डी असते, समाजरचना नव्हे. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे शब्दाचा गुन्हा सिद्ध झाला, ही अलीकडे काही प्रबंधांतून दिसणारी कार्यपद्धती भाषाभ्यासाला शोभणारी नाही. प्रश्न मुळाचा नसून चालू उपयोजनाचा आहे. आणि तेथे पुरावा अधिक बोलका आहे.

एकच चूक घ्यावी. ठरलेल्या वेळी ठरलेला कागद न सापडणे. प्राध्यापकांच्या बाबतीत हे घडले तर ते 'विसरभोळे' असतात. शिपायाच्या बाबतीत घडले तर तो 'वेंधळा', घरकामाच्या बाईंच्या बाबतीत घडले तर त्या 'धांदरट', खेड्यातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडले तर तो 'गबाळा', आणि मंत्रालयात घडले तर तेथील 'कारभार गलथान' असतो. पहिल्या शब्दात 'भोळा' आहे. दोषालाच निष्पापपणाची झालर लावलेली. गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यासा'तील गोकुळापासून विसरभोळेपणा मराठी रंगभूमीवर प्रेमाचा विषय झाला आणि त्या नावाची म्हणच पडली. विनोदी गद्यातही हेच दिसते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. 'असा मी असामी'तील धोंडो भिकाजींचे आडनावच पु. ल. देशपांडे यांनी 'कडमडेकर' ठेवले आहे. नव्या जगात पदोपदी कडमडणारा हा मध्यमवर्गीय माणूस वाचकाला आपला वाटतो. ही सर्व अकुशल माणसे आहेत. परंतु त्यांच्या हाती निवेदन आहे आणि आपल्या धांदलीची गोष्ट स्वतः सांगता येणे हे मोठेच भांडवल आहे. मध्यमवर्गीय पुरुषाचा गबाळेपणा मराठीत विनोद झाला. इतरांचा दोषच राहिला.

स्त्रियांच्या बाबतीत तर क्षमेला फारच थोडी जागा आहे. पुरुष गबाळा असेल तर तो एका अंगाने गबाळा असतो. कामात चोख असला की कपड्यांचे कोणी मनावर घेत नाही. 'गबाळी' या रूपात मात्र केस, पदर, स्वयंपाकघर, मुलांची नाके आणि सासरची अब्रू सर्व एकदम येते. तिच्यासमोर आदर्श ठेवला जातो तो 'सुगरणी'चा. या शब्दाला स्वयंपाकाच्या अर्थाने रुळलेले पुल्लिंगी रूप नाही, हे सूचक आहे. (ज्या पाखराला मराठीने सुगरण हे स्त्रीलिंगी नाव दिले, त्याचा तो देखणा झुलता खोपा विणण्याचे काम नर करतो. पक्ष्यांच्या बाबतीत भाषेने दाखवलेले हे औदार्य माणसांच्या बाबतीत आढळत नाही.)

'नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे' ही म्हण या संदर्भात मुळापासून वाचावयास हवी. अकुशल माणूस दोष साधनांवर ढकलतो, असा तिचा सर्वमान्य अर्थ. तो शाळेत शिकवला जातो आणि त्याविषयी कोणी शंका घेत नाही. वस्तुतः ओली लाकडे पेटत नाहीत. पावसाळ्यात चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकताना डोळे चुरचुरतात, धूर घरभर होतो, भात एका बाजूने करपतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो. यात रांधणारीचे कौशल्य फार थोडे काम करते. तेव्हा 'लाकडे ओली आहेत' ही अनेकदा सबब नसून वस्तुस्थिती असते. म्हणीने तिला सबब ठरवले. म्हण रचणाऱ्याला चूल पेटवावी लागत असेल असे वाटत नाही. अकौशल्याच्या शब्दांचे खरे कार्य येथे उघडे पडते. परिस्थितीत असलेले कारण ते उचलतात आणि माणसाच्या स्वभावात नेऊन ठेवतात. जागा नसते म्हणून सामान विस्कटते. भाषा म्हणते, माणूस गबाळा आहे. लाकूड ओले असते म्हणून भात करपतो. भाषा म्हणते, हिला रांधता येत नाही.

सत्तेच्या बाबतीत हीच भाषा उलट दिशेने चालते. वृत्तपत्रीय मराठीत गलथान, ढिसाळ, भोंगळ ही विशेषणे रोज भेटतात. ती लागतात कारभाराला, नियोजनाला, व्यवस्थापनाला. कारभार गलथान असतो, कारभारी क्वचितच. येथे व्याकरणही मदतीला येते. वेंधळा-वेंधळी, गबाळा-गबाळी ही विकारी विशेषणे लिंगवचनाप्रमाणे बदलतात आणि म्हणून समोरच्या माणसाला नेमकी चिकटतात. गलथान आणि ढिसाळ अविकारी आहेत, कोणालाच न चिकटता नामावरून सरकत जातात. हा नियम नव्हे. धांदरट आणि बावळट हेही अविकारी असून माणसालाच लागतात. परंतु प्रवृत्ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. राजभाषेच्या धोरणाबरोबर शासनव्यवहारात मराठी आली, १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषा सिद्ध झाली आणि 'अकार्यक्षमता' हा धुतलेला, इस्त्री केलेला शब्द प्रतिष्ठित झाला. त्यात कोणाचा सदरा सुटलेला दिसत नाही. कार्यालयातील ओल्या लाकडांना तर 'तांत्रिक कारण' असे भारदस्त नाव आहे आणि त्या सबबीवर अद्याप म्हण निघालेली नाही.

मराठी विभागांच्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न समीक्षेतील उपयोजनाचा आहे. 'गबाळी शैली', 'गबाळी रचना' हे शेरे परीक्षणांतून आणि प्रबंधांवरील अहवालांतून येतात. दलित आणि ग्रामीण आत्मकथनांच्या संदर्भात घाटाच्या अभावाची जी चर्चा दीर्घकाळ चालली, तिच्यामागे हीच स्थिर घराची नजर कितपत होती, हे तपासून पाहिले पाहिजे. फडताळातल्यासारखी प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र जागा देणारी रचना म्हणजेच रचना, असे धरून चालले की 'बलुतं'सारख्या कृतीतील आठवणींची एकमेकींवर येणारी चळत अव्यवस्था वाटणारच. उलट नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी त्यातील कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे प्रांजळपणे नोंदवले. तेथे वाचकाने आपले अकौशल्य कवितेवर लादले नाही. मराठी समीक्षेत हे धैर्य वारंवार दिसत नाही.

मात्र 'गबाळा' हा शब्द समीक्षेतून हद्दपार करावा, असेही नाही. तो नीट वापरला तर उपयोगी आहे. ऐवज आहे, बांधणी नाही, असे ज्या लेखनाविषयी म्हणावयाचे आहे, त्याला 'गबाळे' म्हणणे अर्थदृष्ट्या अचूक होईल. कारण गाठोडे कधी रिकामे नसते. जेथे ऐवजच नाही तेथे पोकळ, सपक असे शब्द मराठीत मुबलक आहेत. पुष्कळसे चकचकीत, मुद्द्यांना क्रमांक दिलेले, उपशीर्षकांनी नटलेले संशोधन या दुसऱ्या वर्गात मोडते. त्याला गबाळे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

उत्तरपत्रिकांच्या समासात हा विवेक सहसा दिसत नाही. घरात लिहिणारी पहिलीच पिढी, वसतिगृहाच्या एका खोलीत पाच-सहा जण, अभ्यासाचे टेबल म्हणजे लोखंडी पेटीचे झाकण, आणि बोलीतून प्रमाणभाषेत येताना वाटेत सांडलेली दोन-चार विभक्तिरूपे. अशा विद्यार्थ्याने लिहिलेल्या बारा पानांत कधी कधी नेमका मुद्दा असतो. तो सातव्या पानावर, दुसऱ्याच उत्तराच्या मध्ये येऊन बसलेला. परीक्षक तो शोधत नाही. समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला जातो : गबाळे. कोणते वाक्य अपुरे, कोणता परिच्छेद कोठे हवा होता, हे सांगण्यास चार ओळी लागल्या असत्या. ज्या अभ्यासपत्रिकेला 'उपरा' नेमलेले असते, तिच्या उत्तरपत्रिकांवरही हाच शेरा असतो.